मेलोडिका सॅम्पल करायलोय, वेलॉसिटी ठेवायची का नाही?

काळी दोन (उदगीर)
राम राम मंडळी. माझ्याकडं ३७ पट्ट्यांची मेलोडिका आहे, तीच ती तोंडानं फुंकून वाजवायची छोटी पेटी, दुकानात कुणी पियानिका म्हणतं कुणी माऊथ पियानो. शाळेच्या गॅदरिंगसाठी एका बालनाट्याचं संगीत करून द्यायचंय, नंतर एका भारुडाच्या रेकॉर्डिंगला पण हाच आवाज पायजे. दरवेळी फुंकत बसण्यापेक्षा एकदाच नीट सॅम्पल करून, म्हणजे एकेक सूर रेकॉर्ड करून कीबोर्डवरून वाजवता येईल असा, रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवून द्यावं असा विचार करायलोय. नेटवरच्या फुकटच्या काही मेलोडिका लावून बघितल्या, एकच सूर धरला तर ठीकय पण दोन-तीन पट्ट्या एकदम दाबल्या की एक सूर ओरडायलाय आणि दुसरा पुटपुटायलाय, खऱ्या वाद्यात असं कधीच होत नाही.

तर वेलॉसिटीचे लेअर, म्हणजे कीबोर्डची पट्टी किती जोरात दाबली त्यानुसार वाजणारी वेगवेगळी रेकॉर्डिंग, किती घ्यावेत, तीन का चार? माईक कुठं ठेवू? लांब सूर धरायचा तर लूप (तोच तुकडा परत परत वाजवणं) कसा करू म्हणजे टकटक येणार नाही? साधा कंडेन्सर माईक आहे, दोन इनपुटचा इंटरफेस आहे, खोली घरचीच, वर पत्रे.

मोंढा (जालना)
पत्र्याखाली एप्रिलात फुंकणार? मग घामाचा पण एक लेअर घ्या मालक.

बालाघाट (अंबाजोगाई)
वेलॉसिटीचे लेअर घेऊच नको. तुला जे खटकलं ना, एक सूर ओरडतो एक पुटपुटतो, त्याचं कारणच ते आहे. ज्यांनी ते सॅम्पल बनवलं त्यांनी पियानोचा साचा उचलून मेलोडिकेला लावला. पियानोत पट्टी जोरात मारली की हातोडी जोरात बसते म्हणून तिथं वेलॉसिटीला अर्थ आहे. मेलोडिकेची पट्टी म्हणजे फक्त झाकण, हळू उघड नाहीतर आपटून उघड, आवाज किती येणार ते तुझ्या फुफ्फुसावर. आणि फुंकर सगळ्या सुरांना मिळून एकच असते, एका टाकीवर तीन नळ. त्यामुळं आवाजाचा जोर नोटवर बसवायचा नाही, कंट्रोलरवर बसवायचा. मिडी म्हणजे कीबोर्ड सॉफ्टवेअरला जे संदेश पाठवतो ते, त्यात कंट्रोलरच्या नंबरांना सीसी म्हणतात, सीसी २ हा नंबर ब्रेथ कंट्रोलरसाठीच (फुंकरीसाठी) ठेवलेला आहे, सीसी ११ एक्स्प्रेशन, काहीच नसेल तर कीबोर्डची मॉड्युलेशन चकती म्हणजे सीसी १. एवढं केलंस की निम्मं काम झालं, मग एकच लेअर असला तरी ते वाद्य श्वास घेतल्यासारखं वाजतं.

काळी दोन
हे पटलं. म्हणजे उजव्या हातानं पट्ट्या आणि डाव्या हातानं चकती फिरवत राहायची. पण मग लेअर कशाचे करू? का एकाच जोराचं रेकॉर्डिंग घेऊन त्याचाच आवाज कमी-जास्त करू?

पेटीवाले काका (परभणी)
नुसता आवाज कमी-जास्त करून चालणार नाही बाळा. पेटी असो, माऊथ ऑर्गन असो का तुमची मेलोडिका, आत फ्री रीड आहे. पितळेची पातळ पट्टी एका टोकाला रिव्हेटनं बांधलेली, खाली तिच्याच मापाची खाच, हवा गेली की पट्टी त्या खाचेतून आत-बाहेर हलते आणि हवेचे तुकडे पाडते, तोच सूर. हळू फुंकलं तर पट्टी थोडीच हलते, आवाज गोल येतो. जोरात फुंकलं की तुकडे धारदार पडतात, वरचे हार्मोनिक्स (मूळ सुरासोबत वाजणारे बारीक वरचे सूर) वाढतात, आवाज चिरका होतो. म्हणजे जोर बदलला की आवाजाची जातच बदलते.

दुसरं, जोरात फुंकलं की सूर किंचित उतरतो. फार नाही, पण कानाला कळतो. पेटीत भाता हवा साठवतो, स्प्रिंगचा दाब सारखा असतो म्हणून तिथं इतकं जाणवत नाही, मेलोडिकेत मधे काहीच नाही, फुफ्फुस थेट रीडवर. तिसरं, खालच्या सप्तकातली रीड लांब आणि जड, ती बोलायला वेळ घेते, वरची लगेच बोलते. हे सगळं सॅम्पलमध्ये येऊ द्या, कापून सरळ करू नका.

पदमपुरा (संभाजीनगर)
काका एक नंबर. म्हणजे मेलोडिका ही पेटीचीच धाकटी बहीण. पण पेटीत बेलो ओढतो तेव्हा पण हवा लागते, मेलोडिकेत फुंकायचंच का ओढायचं पण?

पेटीवाले काका
फुंकायचंच. माऊथ ऑर्गनमध्ये फुंकलं की एक सूर, ओढलं की दुसरा. मेलोडिकेत उलटी हवा ओढून काही मिळत नाही.

गोदाकाठ (नांदेड)
रेकॉर्डिंगचं मी सांगते, कीर्तनाचं आणि ऑर्केस्ट्राचं खूप केलंय.

एक, आखूड तोंडाची नळी लावू नको, लांब लवचिक नळी लाव. आखूड लावली की तुझं तोंड वाद्याच्या अगदी जवळ येतं, नाकाचा श्वास, ओठाची हवा सगळं माईकमध्ये. लांब नळीनं वाद्य टेबलावर आडवं ठेव, खाली गोधडीची घडी, नाहीतर टेबल पण वाजतं. माईक दीड-दोन फुटांवर, आवाज मेलोडिकेच्या अंगातून वेगवेगळ्या जागेतून निघतो, खूप जवळ गेलास की माईकसमोरचे सूर मोठे आणि टोकाचे लहान. एकदा खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या वाजव आणि हेडफोनमध्ये ऐक, कुठंच अचानक खड्डा नको.

दोन, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो पुरतं. गेन एकदाच लाव, सगळ्यात जोरातला सूर मीटरवर उणे १० डेसिबलच्या आसपास राहू दे आणि मग तो बटणाला हातच लावू नको. हळू सूर हळूच यायला पायजेत. बरेच जण प्रत्येक फाइल नॉर्मलाइज करून, म्हणजे सगळ्यांचा आवाज वाढवून सारखा करून टाकतात, मग हळू आणि जोरात मधला फरकच जातो वर त्या हळू सुरामागचा खोलीचा सूं आवाज मोठा होतो.

तीन, पंखा बंद कूलर बंद, हे सांगायला नको. आपल्याकडं खरा त्रास बाहेरचा. रात्री शांत असेल वाटतं पण शेतीची थ्री फेज रात्रीच आली तर आजूबाजूच्या मोटारी सुरू. ऊसतोडीचा सिझन असेल तर ट्रॅक्टर गाणी लावून जातात. मला विचारशील तर लाइट गेलेली असताना रेकॉर्ड कर, लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस त्याच्यावरच. मेन्सची ५० हर्ट्झची गुणगुण पण आपोआप जाते.

मोंढा
महावितरणला पहिल्यांदा कुणीतरी थँक्यू म्हणलं या धाग्यावर.

काळी दोन
ताई, हळू सुरामागं सूं आवाज राहिलाच तर नॉइज रिडक्शन लावू का?

गोदाकाठ
मी लावणार नाही. तो सूं आणि रीडमधून सुटणारी हवा हे सॉफ्टवेअरला एकच वाटतं, हवा पण खाऊन टाकतं, मग सूर प्लास्टिकचा होतो. त्यापेक्षा हाय-पास फिल्टर लाव. तुझ्या ३७ पट्टीची सगळ्यात खालची पांढरी चार, म्हणजे एफ, बरोबर? तिची कंपनसंख्या साधारण १७५ हर्ट्झ. त्याच्या खाली तुझ्या वाद्यात सूर म्हणून काही नाहीच. १०० च्या खालचं सगळं कापून टाक, ट्रक, पंखा, पत्र्याचं हादरणं सगळं जातं, वाद्याला धक्का लागत नाही. मात्र लाइटीवर रेकॉर्ड केलंस तर ५० ची पुढची पायरी १५० हर्ट्झवर पण बसलेली असते आणि ती खालच्या सुराच्या अगदी शेजारी, ती फिल्टरनं सहज निघत नाही. म्हणून बॅटरी.

बालाघाट
आता किती सूर घ्यायचे ते. शॉर्टकट असा असतो की दर तिसरी पट्टी रेकॉर्ड करायची आणि मधल्या दोन त्याच रेकॉर्डिंगचा सूर सॉफ्टवेअरनं वर-खाली ओढून बनवायच्या, ३७ पट्ट्यांमध्ये तसे १३ सूर पुरतात. पियानोत खपतं. इथं मला आवडत नाही, कारण एकेक रीड वेगळी असते, कुणी थोडी खरखरीत कुणी थोडी दबकी, तेच तर वाद्याचं रूप. शिवाय सूर ओढला की त्याच्यासोबत हवेचा आवाज आणि थरथर पण ओढली जाते. सगळ्या ३७ घे. हळू, मध्यम, जोरात असे तीन फेरे, म्हणजे १११ फाइल. एकेक सहा सेकंद धरली, ४८ हजार गुणिले तीन बाइट गुणिले सहा म्हणजे ८६४ केबी, सगळं मिळून १०० एमबीच्या आत. आजच्या काळात काहीच नाही. फ्लॅकमध्ये केलंस तर अजून कमी, क्वालिटी जात नाही.

व्हायब्रॅटो मात्र रेकॉर्ड करू नको, सरळ सूर घे. थरथर नंतर सॉफ्टवेअरमध्ये देता येते, फुंकरीची थरथर मुख्यतः आवाजाच्या जोराची असते, सुराची कमी.

काळी दोन
सहा सेकंद सरळ सूर धरायचा म्हणतोस, तिथंच गाडी अडकायली. सुरुवातीला दम असतो, शेवटी दाब पडतो, सूर वाकडा व्हायलाय. आणि "मध्यम" म्हणजे नेमकं किती फुंकायचं हे प्रत्येक पट्टीला सारखं कसं ठेवायचं? पाचव्या पट्टीचं मध्यम आणि तिसाव्या पट्टीचं मध्यम वेगळंच यायलंय.

मोंढा
पेटीचा भाता जोडा की नळीला. काका आहेतच.

पेटीवाले काका
चेष्टेत म्हणालात पण होतं ते. भात्याची हवा कोरडी असते आणि दाब सारखा, रीडला थुंकी लागत नाही. पण मग ती मेलोडिका पेटीसारखीच वाजू लागते, माणसाच्या श्वासात जी जराशी हालचाल असते ती जाते. पेटीचाच आवाज पायजे असेल तर पेटी सॅम्पल करा, घरोघरी पडल्यात.

बालाघाट
यावर एक जुना शाळेतला इलाज आहे, यू आकाराच्या नळीतलं पाणी. ठिबकचं सामान विकणाऱ्या दुकानात जा, छोटा टी मिळतो आणि पारदर्शक बारीक नळी कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडं. मेलोडिकेच्या नळीत मधे टी टाक, तिसऱ्या तोंडाला पारदर्शक नळी जोड, ती एका फळीवर यू आकारात बांध आणि अर्ध्यापर्यंत कुंकू घातलेलं पाणी भर. फुंकलं की एका बाजूचं पाणी खाली जातं, दुसऱ्या बाजूचं वर चढतं, दोन पातळ्यांतला फरक म्हणजे तुझा दाब. १० सेंटिमीटर फरक म्हणजे जवळपास १ किलोपास्कल. आकड्याशी तुला देणंघेणं नाही, फळीवर पेन्सिलनं तीन रेघा मार, हळू, मध्यम, जोरात. डोळा रेघेवर ठेवून फुंक, पाणी हलू द्यायचं नाही. माणूस बघत असला की दाब आपोआप सांभाळतो.

दोन गोष्टी सांभाळ. नळीची बाजू भरपूर उंच ठेव, नाहीतर जोरात फुंकलं की पाणी बाहेर. आणि तोंडात नळी असताना श्वास आत ओढायचा नाही, पाणी मेलोडिकेत जाईल.

गोदाकाठ
हे भारीय. फक्त फळी माईकपासून लांब ठेव, पाण्याचा बुडबुड आवाज नको.

पदमपुरा
इथं इंजिनिअरिंगवाले कुणी असतील तर हेच इलेक्ट्रॉनिक्सनं पण होतं ना? दाबाचा सेन्सर लावून?

बालाघाट
होतं की. एमपीएक्स ५०१० नावाचा सेन्सर आहे, ० ते १० किलोपास्कल मोजतो, फुंकून वाजवायचे कंट्रोलर घरी बनवणारे तोच वापरतात. युएसबी मिडी देणारा अर्डुइनो बोर्ड, लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो, त्याला जोडला की सीसी २ थेट निघतो. मग सॅम्पल वाजवताना पण खरी नळी तोंडात धरून वाजवता येतं, हात दोन्ही मोकळे. तयार ब्रेथ कंट्रोलर पण मिळतात पण शाळेच्या गॅदरिंगसाठी इतका खर्च कुणी करेल असं वाटत नाही. चकतीनं सुरुवात करा.

काळी दोन
अपडेट. ठिबकचा टी, नळी, कुंकवाचं पाणी, सगळं जमवलं. दुकानदारानं विचारलं किती एकरला पायजे. रेकॉर्डिंग झालं, लाइट नव्हती तेव्हाच केलं, घरचे म्हणले येडा झालाय लेकरू.

रेघांचा फायदा लई झाला. तिन्ही जोराचे सगळे सूर एका ओळीत लावून ऐकले तर वरपासून खालपर्यंत सारखे उतरतात. मधे मधे नळी काढून शेवटचं बटण दाबून ओल झटकावी लागते, नाहीतर काही पट्ट्या गुरगुरायला लागतात.

आता नवीन अडचण. तीन लेअर चकतीवर क्रॉसफेड केले, म्हणजे चकती फिरवली की एक हळूहळू मावळतो आणि दुसरा वर येतो. खालच्या सप्तकात बेस्ट वाटायलंय. पण वरच्या पट्ट्यांवर चकती मधोमध आणली की आवाज लाटेसारखा वर-खाली, वाव्-वाव् व्हायलाय, दोन वाद्यं बेसूर वाजल्यागत.

बालाघाट
दोन वाद्यंच वाजतायत तिथं. काकांनी सांगितलं ना, जोरात फुंकलं की सूर उतरतो. मध्यमचा सूर एक, जोरातचा पाच-सहा सेंट खाली (शेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे १०० सेंट), दोन्ही एकदम वाजले की बीट्स पडणारच. ४४० वर पाच सेंट म्हणजे सेकंदाला सव्वा लाट. वर जावं तसं तेच पाच सेंट जास्त लाटा देतात, १४०० हर्ट्झला चार. म्हणून वर जास्त ऐकू येतंय.

इलाज असा. तिन्ही लेअर एकमेकांशी सुरात आण, प्रत्येक फाइलला ट्यूनची किंमत देता येते सेंटमध्ये, ट्यूनर लावून मोज आणि टाक. मग लाटा जातात. पण सूर उतरण्याची ती खरी लकब पण जाते, ती परत आणायची ती सीसीनं, फुंकर पूर्ण वर गेली की अख्ख्या वाद्याचा पिच पाच सेंट खाली. म्हणजे सगळे लेअर एकत्र उतरतात, आपसात भांडत नाहीत.

क्रॉसफेडचा प्रकार पण बघ, एसएफझेडमध्ये (कुठली फाइल कुठल्या पट्टीवर कशी वाजवायची हे लिहायचा प्रकार) पॉवर आणि गेन असे दोन पर्याय असतात. वेगवेगळ्या टेकची रेकॉर्डिंग आहेत, लाटा एकमेकींशी जुळलेल्या नाहीत, तर पॉवर ठेव, नाहीतर मधोमध आवाज खचतो.

गोदाकाठ
माझं मत थोडं वेगळंय. वरच्या सप्तकात तीन लेअर हवेतच कशाला? जोरातलं एकच रेकॉर्डिंग ठेव आणि लो-पास फिल्टर (वरचं कापणारा) लाव, चकती खाली आणली की फिल्टर बंद होत जाईल आणि आवाज पण कमी होत जाईल. जोरातल्या आवाजात सगळे हार्मोनिक्स आहेत, ते झाकता येतात. उलटं होत नाही, हळू आवाजातून वरचे हार्मोनिक्स कितीही इक्यू लावून निघत नाहीत, ते तिथं नाहीतच, नुसती हिस्स वाढते.

बालाघाट
फिल्टर लावलेला आवाज मला खोटा वाटतो ताई. रीड हळू वाजताना सुरुवात कशी दबकत होते, ती फिल्टरनं मिळत नाही.

गोदाकाठ
खालच्या रीडला हो. वरच्या रीड लगेच बोलतात, तिथं दबकणं कुठंय? कान लावून ऐक.

काळी दोन
दोन्ही करून बघितलं. खालच्या दीड सप्तकाला तीन लेअर सुरात आणून, वर ताईंचा फिल्टर. मधल्या चार-पाच पट्ट्यांवर जिथं एक संपतं दुसरं सुरू होतं तिथं जरा जोड कळतो, पण नाटकात कुणाला कळणार नाही. माझ्या कानाला वरती फिल्टरच बरा वाटला, तीन लेअर सुरात आणून पण तिथं थोडी गढूळच राहिली.

बालाघाट
ठीक आहे, मी हरलो म्हणत नाही पण ठीक आहे.

पदमपुरा
लूपचं राहिलंच की. टकटक कशी घालवायची?

बालाघाट
लूप सुरुवातीच्या भागात करायचा नाही, रीड स्थिर झाल्यावर, दीडएक सेकंदानंतर. लांब ठेव, दीड-दोन सेकंदांचा. चार-पाच लहरींचा चिमुकला लूप केलास की टकटक जाते पण सूर गोठतो, ऐकणाऱ्याला लगेच कळतं. सुरुवात आणि शेवट दोन्ही ठिकाणी लहर शून्यातून एकाच दिशेनं जात असावी, आणि मधे क्रॉसफेड भाजून टाकायचा, बहुतेक एडिटरमध्ये लूप क्रॉसफेड असतो. पाण्याच्या रेघेवर डोळा ठेवून फुंकल्याचा खरा फायदा इथं दिसतो, दोन्ही टोकांचा जोर सारखा असला की लूप जवळजवळ आपोआप बसतो.

पट्टी सोडल्यावरचं पण बघ. झाकण मिटलं की रीड पटकन थांबते, लांब शेपूट नको, रिलीज पाऊण-एक दशांश सेकंद बस. आणि झाकण मिटताना जो टप् आवाज येतो तो वेगळा रेकॉर्ड कर, न फुंकता नुसत्या पट्ट्या सोडून. एसएफझेडमध्ये त्याला ट्रिगर रिलीज म्हणून लावता येतं. अगदी हळू ठेव, पण ठेव.

पेटीवाले काका
अजून एक बारकावा. मेलोडिकेत सूर दोन तऱ्हेनं सुरू होतो. एक, पट्टी आधी दाबलेली आणि जिभेनं "तू" म्हणून हवा सोडली. दुसरी, हवा चालूच आहे आणि पट्टी दाबली. दोन्हीची सुरुवात वेगळी ऐकू येते, पहिलीत धार असते, दुसरीत सूर घसरत आल्यासारखा. चांगले वाजवणारे ओळीच्या सुरुवातीला पहिली घेतात, मधल्या सुरांना दुसरी.

बालाघाट
वा काका. आणि हे एसएफझेडमध्ये सरळ बसतं पण. ट्रिगर फर्स्ट आणि ट्रिगर लिगाटो असे दोन प्रकार आहेत, आधी कुठलाच सूर चालू नसेल तर "तू" वाली फाइल वाजेल, आधीचा सूर धरलेला असताना नवीन दाबला तर पट्टीवाली. स्फोर्झँडो नावाचा फुकट प्लेअर आहे, त्यात चालतं, रीपरमध्ये लावता येतो. एसएफझेड म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, नोटपॅडमध्ये लिहायची, घाबरण्यासारखं काही नाही.

आणि एक, सुरुवातीला सीसीची किंमत त्या फाइलच्या वर सेट करून ठेव, ९० वगैरे. नाहीतर उघडलं की चकती शून्यावर, आवाजच नाही, आणि शाळेचे सर फोन करतील चालत नाही म्हणून.

मोंढा
मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येते का पण यात? भारुडात पेटीनं मींड घ्यायची नाही तर मजा काय.

पेटीवाले काका
पेटीत मींड नाही हाच तर जुना वाद. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती ती याच कारणानं, सूर ठरलेले, मधल्या श्रुती नाहीत. मेलोडिकेत थोडं जमतं. पट्टी अर्धीच दाबून फुंकलं की हवा कोंडते आणि सूर खाली येतो, पुरती दाबली की जागेवर. जमैकातले ऑगस्टस पाब्लो १९७० च्या दशकात याच वाद्यावर गाजले, ऐकून बघा कसा रडवतात.

सुराचंच निघालंय तर, आपल्या पेटीवाल्यांत गांधार ट्यूनिंगची पद्धत आहे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्टीनिशी सूर बदलता येत असेल तर मेलोडिकेलाही करून बघा. शुद्ध गंधार कंपनीच्या ट्यूनिंगपेक्षा १४ सेंट खाली असतो. भजनी मंडळात कान तयार असणाऱ्याला तो फरक लगेच कळेल. खऱ्या वाद्यात तसं करायला रीड घासावी लागते, टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो, आणि एकदा घासली की परत येत नाही.

बालाघाट
स्फोर्झँडोमध्ये स्काला नावाच्या ट्यूनिंग फाइल लागतात, एक फाइल टाकली की अख्खं वाद्य बदलतं. पण ती एकाच "सा"वर बांधलेली राहणार, सा बदलला की फाइल बदलायची. पांढरी चारला सा ठेवलास तर गंधार पांढरी सहाला.

काळी दोन
नाटकाला नेहमीचंच ठेवतो. भारुडाला गंधारवालं करून बघतो. सगळं तयार झालं की इथं टाकू का, फुकट?

पदमपुरा
टाक टाक. लायसन्सचं लिहून ठेव फक्त. वाद्य तुझं, रेकॉर्डिंग तुझं, त्यामुळं तुला पायजे ते ठरवता येतं. क्रिएटिव्ह कॉमन्सचं सीसी शून्य लायसन्स (मिडीचं सीसी वेगळं) लिहिलंस तर कुणीही काहीही वापरू शकतं, नाव पण द्यावं लागत नाही. लोकांचं सॅम्पल परत सॅम्पल करून वाटलं तर मात्र भानगड होते.

मोंढा
मला एक सांगा, आमच्या मंडळाचा बुवा काळी एकला गातो. तुमचं गाणं पांढरी चारला बसवलेलं. सॉफ्टवेअरात ट्रान्सपोज केलं तर झालं ना, का परत रेकॉर्ड?

बालाघाट
परत काही नाही, पण ट्रान्सपोज सॅम्पलरमध्ये करू नको, मिडीमध्ये कर. सॅम्पलरचं ट्रान्सपोज तीच फाइल ओढून खाली नेतं, चार पट्ट्या खाली ओढली की आवाज जाडजूड होतो. मिडी खाली सरकवलं की सॅम्पलर त्या पट्टीची खरी रीड वाजवतो, ३७ च्या ३७ घेतल्यात त्या त्यासाठीच. फक्त सगळ्यात खालच्या सुराच्या खाली जाणार असेल तर ते तुकडे एक सप्तक वर ने.

मोंढा
बुवा वरच्या पट्टीत गातच नाही, तो प्रश्न नाही. फाइल टाका, रविवारी लावतो.

काळी दोन
टप् वाले आवाज राहिलेत अजून, ते झाले की टाकतो. लिंक याच धाग्यात.